इनिटची बिनविरोध निवड

संगणकाचं बटण दाबल्यावर आत सगळ्यांत आधी कुणी उठायचं आणि मग बाकीच्यांना कुणी उठवायचं, या प्रश्नावर आम्ही काही शहाणीसुरती माणसं जवळजवळ वर्षभर भांडत होतो. एकदा जेवताना मी हे बायकोला नीट समजावून सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी काढली, माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "आणि तुम्हाला उठवायला मी. त्याच्यावर बी घ्या की एखादी मीटिंग."

सगळ्यांत आधी उठणाऱ्या त्या प्रोग्रामला इनिट म्हणतात. तो उठतो, घड्याळ लावतो, डिस्क तपासतो, नेटवर्कला हाक मारतो, प्रिंटरला हलवून बघतो, आणि सगळे जागे झाले की तुमच्यापुढं पडदा उघडतो. तो उठलाच नाही तर समोर काळं कुळकुळीत. वापरणाऱ्याला त्याचं नावही माहीत नसतं. आम्हाला मात्र तेवढं एकच नाव माहीत असल्यासारखं झालं होतं.

लिनक्स फुकट असतं. ते उचलावं, आपल्या गरजेप्रमाणे काटछाट करावी, भर घालावी आणि आपल्या नावानं लोकांना वाटावं, याला कुणाची ना नाही. अशा तयार संचाला डिस्ट्रो म्हणतात. आम्ही एका मोठ्या परदेशी डिस्ट्रोवरून आमचा छोटा मराठी डिस्ट्रो केला होता. शाळांच्या प्रयोगशाळेत पडलेली, दूध संस्थांनी टाकून दिलेली जुनी मशीनं त्यावर चालायची. मंगळवार पेठेत एका तालमीच्या माडीवर आम्ही रविवारी सकाळी जमायचो. खाली पोरं जोर मारायची, वर आम्ही कळफलक बडवायचो. घाम दोन्हीकडं यायचा, अंग मात्र खालच्यांचंच बनायचं.

माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, आणि सोसायट्यांच्या निवडणुकांची पत्रकं. संगणकातलं मला बेताचंच कळतं. डिस्ट्रोला माझी देणगी म्हणजे पडद्यावरचं रंकाळ्याचं चित्र. तेही मी पहिल्यांदा फ्लेक्सच्या मापाचं दिलं होतं, आणि एका शाळेतली सगळी मशीनं ते चित्र उघडतानाच धापा टाकून पडली होती. तरी मला अध्यक्ष केलं होतं, कारण चहा माझ्याकडून असायचा.

खरं काम होतं अण्णाचं. अण्णा कुरुंदवाडचा. घरचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मशीनशी तो जे काही बोलायचा ते ऐकून मशीनं चालायची. आमची मैत्री कॉलेजपासूनची. मशीन उठताना कुठलं काम कोणत्या क्रमानं व्हायचं त्या सगळ्या स्क्रिप्ट त्यानं स्वतःच्या हातानं लिहिल्या होत्या, जुन्या पद्धतीच्या, कुणालाही उघडून वाचता येतील अशा. आणि त्यात त्यानं एक खोडी केली होती. मशीन सुरू होताना पडद्यावर इंग्रजीच्या जागी त्याची स्वतःची भाषा उमटायची. 'डिस्क बघतोय, दम धरा.' 'घड्याळ लावलं.' 'प्रिंटर घावंना. ऱ्हाऊ दे.' शाळेतली पोरं या ओळी एका सुरात मोठ्यानं वाचायची. बाकीचा संगणक कशासाठी असतो हे त्यांना नंतर कळायचं.

मग वारणानगरच्या सरांनी प्रस्ताव आणला. सर तिथल्या एका कॉलेजात शिकवतात, नेमकं बोलतात आणि बोलताना चष्मा पुसतात. त्यांचं म्हणणं असं : आपण ज्या मोठ्या डिस्ट्रोवरून आपला करतो, त्यानं जुनं इनिट सोडून सिस्टमडी नावाचं नवं घेतलं आहे. आता वरून येणारा प्रत्येक प्रोग्राम नव्यासाठीच बनून येतो. तो जुन्यावर चालवायला अण्णाला दरवेळी नव्यानं स्क्रिप्ट लिहावी लागते. हे एकट्या माणसावर किती दिवस ठेवायचं?

"मी करतोय की," अण्णा म्हणाला. "तुमाला काय तरास हाय?"

"त्रास नाही हो. पण उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय होतंय?" अण्णानं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. "वाट बघाय लागलाय व्हय समदी?"

सगळे हसले. मीच सगळ्यांत मोठ्यानं हसलो. पण त्या दिवशी गाडीवर बसताना अण्णा मला म्हणाला, "हे बघ लेका, माज्या स्क्रिप्टा काढल्या तर मी तिथं येऊन काय करू? तुजा च्या पिऊ?"

म्हणजे प्रश्न असा होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल की आम्ही दोन इनिटांतून एक निवडत होतो. मला रविवारी अण्णा पाहिजे होता, आणि डिस्ट्रोही चालायला पाहिजे होता.

अण्णानं 'जुनंच ठेवा' असा उलटा प्रस्ताव टाकला, भांडण मेलिंग लिस्टवर, म्हणजे एकाची मेल सगळ्यांना जाते तिथं, गेलं आणि त्याला पाय फुटले. लिस्टवर आमच्या जिल्ह्यातून बाहेर गेलेले बरेच जण होते. गावात असताना ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही ते परदेशातून पानंच्या पानं लिहू लागले. एक गट म्हणायचा, नवं इनिट सगळंच स्वतःकडं ओढून घेतं, उद्या चहासुद्धा तेच करील. दुसरा म्हणायचा, जुन्याला उठायला एवढा वेळ लागतो की तोवर तास संपतो. बघता बघता पॅनेलं पडली. इथल्या माणसाला पॅनेलाशिवाय मत म्हणजे काय ते समजत नाही. जुन्यांनी चिन्ह घेतलं चावी, नव्यांनी पंखा. मी दोन्ही पॅनेलांची पत्रकं छापून दिली. सवयीनं दोन्हींवर खाली एकच ओळ टाकली : 'आपल्या हक्काच्या माणसाला प्रचंड मतांनी विजयी करा.' इचलकरंजीच्या बाईंनी ती बघितली. बाई तिथल्या एका शाळेत संगणक शिकवतात, आणि आमच्यात डिस्ट्रो रोज वापरणाऱ्या त्या एकट्याच. त्या म्हणाल्या, "दादा, इनिट माणूस हाय व्हय?"

सुरुवातीला मेल आली की माझं रक्त उसळायचं. उत्तर लिहायचो, खोडायचो, परत लिहायचो. मग हळूहळू तसं होईना. मेल यायची, मी वाचायचो, खाली जायचो, पुढची उघडायचो. अण्णाला कुणी 'अडेलतट्टू' म्हटलेलं वाचलं, सरांना कुणी 'वरच्यांचा एजंट' म्हटलेलं वाचलं, आणि आत काहीच हललं नाही. दात काढायला इंजेक्शन दिल्यावर आपणच आपला गाल चावतो आणि कळत नाही, तसं. मला शांतता हवी होती असं मी नंतर लोकांना सांगत आलो. शांतता कसली! मला फक्त ते संपायला हवं होतं.

आणि संपवायची एकच रीत मला माहीत होती. आयुष्यभर सोसायट्यांची पत्रकं छापली, तिथं शहाणी माणसं मतदान होऊच देत नाहीत. दोन्हीकडच्यांना गाठायचं, चहा प्यायचा, 'वातावरण कशाला बिघडवायचं' म्हणायचं, आणि अर्ज मागं घ्यायला लावायचे. बिनविरोध! गुलाल तेवढाच उडतो, डोकी फुटत नाहीत.

आधी कुरुंदवाडला गेलो. अण्णा दुकानात पोत्यावर बसून लॅपटॉपवर स्क्रिप्ट लिहीत होता.

"ये की," तो म्हणाला. "बस तितं युरियावर."

मी बसलो. म्हटलं, "अण्णा, तू 'जुनंच ठेवा' हा प्रस्ताव मागं घे. सरबी त्यांचा मागं घेणार हाईत. म्हंजे विषयच संपला."

"सर म्हणाले असं?"

"म्हणतील की. मी जाणारच हाय तिकडं."

अण्णानं लॅपटॉप मिटला. "आणि वरचं कोण अडवणार?"

वरचं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं. पण निवडणुकीच्या काळात या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि ते माझ्या तोंडून आपोआप आलं. "ते मी बघतो."

"नक्की?"

"आरं, मी हाय न्हवं!"

अण्णानं लॅपटॉप परत उघडला. मग म्हणाला, "तू म्हणतोस म्हणून." आणि माझ्यासमोर लिस्टवर एका ओळीची मेल टाकली : 'प्रस्ताव मागे घेत आहे.' मला आठवतं, मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तालमीतल्या वस्तादासारखी.

वारणानगरला सरांच्या घरी गेलो तर त्यांनी जेवायलाच वाढलं. मी म्हटलं, अण्णानं मागं घेतलंय, तुम्हीही घ्या, मोठेपणा दिसेल. सरांनी चष्मा पुसला. "अण्णा तयार झाले? मग मला काय अडचण! मी प्रस्ताव कशाला धरून ठेवू?" त्यांनीही मेल टाकली. मी तिथं दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. 'वरचं अडवणं' विचारायचं माझ्या डोक्यातून गेलं होतं, असं मी म्हणणार होतो. पण गेलं नव्हतं. काय विचारायचं तेच माहीत नसल्यामुळं मी ते श्रीखंडाबरोबर गिळलं.

पुढच्या रविवारी माडीवर गर्दी होती. मी पेढे आणले होते. उभा राहून सांगितलं की दोन्ही बाजूंनी समंजसपणा दाखवला, दोन्ही प्रस्ताव मागं, आता आपण सगळे एक. टाळ्या पडल्या. खाली कुणीतरी शड्डू ठोकला तोही आमच्यासाठीच वाटला.

बाईंनी पेढा हातातच ठेवला होता. "दादा, मग पुढच्या आवृत्तीत इनिट कुठलं?"

"आहे तेच. दोघांनी माघार घेतली म्हंजे जुनंच चालू."

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "हे दूध संस्थेचं बोर्ड न्हाई, माघार घेतली की जुनंच चालू ऱ्हायला. आपलं सगळं वरनं येतं. आपण मुद्दाम अडवलं न्हाई तर वरचं जसंच्या तसं खाली येतं. आणि वर आता नवं हाय. कुणीच काय ठरवलं न्हाई, म्हंजे नवं ठरलं."

मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "हो, अर्थात. मला वाटलं अण्णांनी हे समजूनच मागं घेतलं. त्यांना तर माझ्यापेक्षा जास्त कळतं." त्यांच्या आवाजात खोट नव्हती. लिस्टवरच्या चावी पॅनेलवाल्यांनाही तसंच वाटलं होतं. अण्णाच तयार असेल तर आमची काय हरकत, असं लिहून ते आधीच मोकळे झाले होते. कुणी तर अण्णाच्या मोठ्या मनाचं कौतुकही केलं होतं.

अण्णा खिडकीपाशी बसला होता. तो सरांकडं बघत नव्हता.

"तू बघतो म्हणालतास न्हवं?" तो मला म्हणाला.

"व्हय."

"बघितलास?"

मी पेढ्यांचा खोका बंद केला.

"अडवायचं म्हंजे काय, हे तरी ठावं होतं का तुला?"

"न्हाय."

कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं हसले. खरं सांगायचं तर प्रसंग हसण्यासारखाच होता. वर्षभराची लढाई, दोन पॅनेलं, आणि शेवटी गुलाल लागला तो अर्ज मागं घेतलेल्याला. मीसुद्धा हसलो. सर म्हणाले, "अण्णा, अजून वेळ गेलेली नाही. तुम्ही म्हणत असाल तर परत प्रस्ताव आणा, रीतसर मतदान घेऊ."

"कुणाच्या जिवावर?" अण्णा म्हणाला. "समद्यांनी लिवून दिलंय, हरकत न्हाय म्हणून. ऱ्हाऊ दे सर. बाईंची शाळा उघडायची हाय, त्यास्नी आवृत्ती पायजे." मग त्यानं पेढा खाल्ला. पूर्ण खाल्ला, हात रुमालाला पुसला, आणि नव्या इनिटमध्ये प्रिंटर कुठं अडतो ते सरांना सांगत बसला. मला वाटलं, चला, निभावलं.

त्यानंतर तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं सगळं नीट लिहून दिलं. कुठली स्क्रिप्ट काय करायची, नव्यात तिच्या जागी काय लावायचं, कुठल्या जुन्या मशीनचा काय हट्ट असतो. किल्ल्या दिल्या, परवलीचे शब्द दिले. लिस्टवर कुणी विचारलं तर उत्तर द्यायचा, तेवढंच आणि नम्रपणे. रविवारी यायचा बंद झाला. पहिल्या रविवारी पेरणीचे दिवस म्हणून. मग पाहुणे. मग कुणी कारण विचारलं नाही.

नवी आवृत्ती निघाली. लिहायला संकोच वाटतो, पण चांगली निघाली. मशीनं झटक्यात उठतात. सर म्हणतात त्यातलं बहुतेक खरं ठरलं. बाईंनी सांगितलं, पोरं आता पडद्याकडं बघत नाहीत, बघायला काही नसतंच, सरळ कामाला लागतात. मी "अरे वा" म्हणालो. रविवारी चहा नेतो, मधे एक खुर्ची जास्तीची निघते, ती भिंतीला लावतो. घरी येतो. बायको विचारते, "काय ठरलं आज?" मी म्हणतो, "काही न्हाई." "मग गेलतात कशाला?" मी ताट पुढं ओढतो. मी वाईट वाटायची वाट बघत होतो. ते आलं असतं तर निदान एक फोन तरी करता आला असता. आलंच नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती, वजनही वाढलं.

मग मला आणखी एक कल्पना सुचली. माझ्या कल्पनांचा इतिहास माहीत असून कुणी अडवलं नाही, हे नोंदवून ठेवतो. मी म्हटलं, आपण अण्णाचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, फेटा, सन्मानपत्र. आमच्याकडं माणसाला परत आणायची किंवा कायमचं पोचवायची, दोन्हींची रीत हीच. सर लगेच हो म्हणाले, त्यांना मनापासून आनंद झाला. बाई म्हणाल्या, "आधी विचारा तरी त्यास्नी." पण मी तोवर निमंत्रणपत्रिका छापली होती. जाड कागद, सोनेरी अक्षरं.

पत्रिका घेऊन कुरुंदवाडला गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. अण्णानं मान वर केली.

"या," तो म्हणाला. "बसा."

पोरग्याला खुर्ची आणायला सांगितलं. खुर्ची पुसायला लावली. मी खुर्चीवर बसलो. युरियाची पोती तिथंच होती. चहा आला, बशीसकट. मी पत्रिका दिली. त्यानं पाकिटातून ती सावकाश काढली, पुढून वाचली, मागून बघितली, सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवून पाहिलं.

"छपाई चांगली हाय तुमची," तो म्हणाला.

तुमची. कॉलेजपासून या माणसानं मला लेका, गाढवा, बैला, आणि दोन-तीनदा कानडीतलं काही, ज्याचा अर्थ मी कधी विचारला नाही, एवढंच म्हटलं होतं.

"अण्णा, येशील न्हवं?"

"बघू की. हंगाम हाय." तो गिऱ्हाइकाकडं वळला. "कुठलं बी पायजे म्हणालासा, मामा?" मामांना भेंडीचं बी हवं होतं. कुठल्या जातीला कीड कमी लागते हे अण्णा त्यांना इतक्या मायेनं समजावून सांगत होता की मीही ऐकत राहिलो. ते गेल्यावर मी उठलो. "येतो," म्हणालो. "या," तो म्हणाला. दारापर्यंत सोडायलाही आला. तसा तो आधी कधी येत नसे.

सत्काराच्या दिवशी आम्ही बराच वेळ थांबलो. तालमीच्या माडीवर बॅनर होता, ताटात शाल होती, नारळ होता, हळदी-कुंकू होतं, फेटा बांधणारा येऊन बसला होता आणि त्याला पुढं अजून एक ठिकाण होतं. अण्णाचा फोन आला नाही. मी केला, तो वाजत राहिला. फेटेवाला म्हणाला, "मालक, कुणाच्या तरी डोक्याला बांधतो आणि जातो बघा."

मग कुणीतरी म्हणालं, आणि ते मीच म्हणालो असणार, की सगळं आणलंय, माणसं जमलीत, तर सरांचा करू. आवृत्तीचं काम त्यांनीच तर केलं. सर "अहो नको, अहो नको" म्हणत मागं सरकले, भिंतीला टेकले, आणि तिथंच फेटेवाल्यानं त्यांना गाठलं. बाई पिशवी उचलून जिना उतरून गेल्या. मी अध्यक्ष, म्हणून शाल मीच घातली. सरांचे डोळे भरले होते, कशानं ते मी विचारलं नाही. बॅनरवर नाव अण्णाचं होतं, तिकडं पाठ करून आम्ही फोटो काढला.

टाळ्या पडल्या. मीही वाजवत होतो. हातांना काही जाणवत नव्हतं, पण आवाज येत होता, म्हणजे ते एकमेकांवर नीट पडत असणार.